चौदाव्या कागदावरची खोली

चौदा नंबरचा कागद कौसल्या गजभियेने आधी एकदा काढला होता. मागच्या ऑगस्टात. तेव्हा तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, आणि ते का दिसलं नाही, हा प्रश्न पुढे चौकशीत तिला तीन वेळा विचारला गेला.

१९८५ सालच्या जानेवारीतला शुक्रवार होता. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका लहानशा सरकारी सर्वेक्षण कार्यालयात चाळीसेक माणसं कामाला होती. त्यांचं खरं काम कोळशाचं. उमरेडकडे, वणीकडे जमिनीत भोक पाडून सुरुंग उडवायचा आणि त्याचा हादरा खालच्या थरांवरून कसा परत येतो ते कागदावर उतरवायचं. मशीनच्या कागदावरच्या रेघा शाईने साफ उतरवून काढायला तिथे चार ट्रेसर होते. कौसल्या त्यांतली सगळ्यांत जुनी. सतरा वर्षं एकाच उंच टेबलापाशी. इंदोऱ्याहून सायकलने यायची, दहाला पाच मिनिटं असताना पेन धुऊन तयार असायची.

दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात पहिल्यांदा सर्वेक्षणाचं जहाज गेलं, तेव्हा तिथून आलेले कागद साफ काढून द्यायला दिल्लीत कुणाला सवड नव्हती. एकतीस गुंडाळ्या नागपूरला आल्या. समोरच्या टपरीवरचा चहावाला महिनाभर विचारत होता, "नागपुरात समुद्र कुठून आणला गा तुमी लोकायनं?"

काम मात्र कोळशासारखंच होतं. जहाजाच्या मागे पाण्यात एक हवेची तोफ ओढतात. दर काही सेकंदांनी ती दाबलेली हवा सोडते, त्याचा आवाज खाली जातो, तळावर आपटून वर येतो. जहाजामागे लांब केबल असते, तिच्यातले कान तो आवाज ऐकतात आणि केबिनमधलं मशीन कागदावर काळा ठिपका जाळतं. जहाज पुढे जात राहतं, ठिपक्याला ठिपका लागत जातो आणि समुद्राच्या तळाची रेघ तयार होते. पण आवाज वर आल्यावर थांबत नाही. पाण्याच्या पाठीवर आपटून तो पुन्हा खाली जातो, पुन्हा वर येतो, आणि दुप्पट खोलीवर आणखी एक रेघ उमटते. तिथे काहीच नसतं. ड्रॉइंग रूममध्ये या रेघेला भूत म्हणत. भुतं काढायची नाहीत, असा गिरिधर पिंपळखुटे साहेबांचा पहिल्या दिवसापासूनचा हुकूम होता.

पिंपळखुटे भूभौतिकशास्त्रज्ञ होते, वय अडतीस. गेल्या वर्षी ते स्वतः त्या जहाजावर होते. यंदा दुसरे लोक गेले होते आणि त्यांच्या हातात नागपुरात काढलेले नकाशे होते.

त्या शुक्रवारी कौसल्याने तेरा आणि चौदा नंबरचे मूळ कागद शेजारी शेजारी पसरले होते, कारण संचालकांना भिंतीवर लावायला सगळ्या रेषा जोडून एक मोठा नकाशा हवा होता. ऑगस्टात तिने एकेक कागद वेगवेगळा काढला होता. आज पहिल्यांदाच दोन्ही एका नजरेत आले.

तेराव्या कागदावर डोक्याशी लिहिलं होतं, 'उशीर ४००'. म्हणजे तोफ उडाल्यावर मशीनने लगेच लिहायला सुरुवात केलेली नाही; चारशे मिलिसेकंद थांबून केली. पाणी खोल असलं की आवाज परत यायला वेळ लागतो, मधला कागद कोरा जातो, म्हणून असं करतात. उशीर चारशे असेल तर कागदावर दिसणाऱ्या खोलीत तीनशे मीटर मिळवायचे. तेराव्यावर तळ होता तीनशे बेचाळीस मीटरवर. भूत त्याच्या खूप खाली, सहाशे चौऱ्याऐंशीवर. सगळं जागच्या जागी.

चौदाव्यावरही 'उशीर ४००' होतं. तळ तीनशे पंचेचाळीसवर सुरू होऊन हळूहळू चढत कागदाच्या शेवटी तीनशे सव्वीसवर आला होता. त्याचं भूत साडेसहाशेच्या आसपास हवं. कौसल्याने तिथे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

तिने भिंग घेतलं. तळाच्या रेघेखाली, अगदी जवळ, एक फिकट रेघ होती. तिच्या खाली आणखी एक. तिने पट्टी लावली. कागदाच्या शेवटी वरच्या कडेपासून तळाची रेघ चौदा मिलिमीटरवर. तिथून दुसरी रेघ चौदा मिलिमीटरवर. तिथून तिसरी पुन्हा चौदावर. तिने पट्टी डावीकडे सरकवली. तिथे ही अंतरं चोवीस, चोवीस, चोवीस. वरची रेघ बोटभर चढली की खालची दोन बोटं चढत होती.

ती भुतंच होती. आणि ती इतकी वर असतील, तर कागदाची वरची कड म्हणजे समुद्राची पाठ. मशीन थांबलेलंच नव्हतं. मिळवायचे तीनशे मीटर नव्हतेच. कागदाच्या शेवटी पाणी तीनशे सव्वीस मीटर नव्हतं, सव्वीस मीटर होतं, आणि तळ अजून चढत होता.

तिने पट्टी खाली ठेवली. कॉरिडॉरमधल्या सूचनाफलकावर सकाळी जहाजाची रोजची तार लागली होती, ती तिने येताना वाचली होती. *बर्फ उघडला. उद्या सकाळी सहाला गेल्या वर्षीच्या चौदाव्या रेषेच्या टोकापासून पूर्वेकडे काम सुरू.*

घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

*

पिंपळखुटे साहेब डबा संपवून हात पुसत होते. कौसल्याने कागद त्यांच्या टेबलावर पसरला आणि पट्टी लावून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे गाळाचे थर आहेत, कौसल्याबाई. तळाखाली थर असतातच."

"थर असते तर सारख्या अंतरानं नसते, साहेब. आणि बरोबर दुप्पट कसे चढतील?"

"काही ठिकाणी चढतात."

"मग भूत कुठं गेलं? साडेसहाशेवर काहीच नाही. तेराव्यावर इतकं ठळक आहे."

त्यांनी कागद जवळ ओढला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "हा कागद तुम्हीच काढला होता ना ऑगस्टमध्ये? तेव्हा नाही दिसलं?"

"नाही दिसलं. खोट्या रेषांकडे मी पाहतच नव्हते."

"तेरा कुठे संपतो? तीनशे बेचाळीसला. चौदा कुठे सुरू होतो? तीनशे पंचेचाळीसला. इतके नीट जुळतात ते उगीच?"

"मधे पन्नास मिनिटं कागद बंद होता, साहेब. तुम्हीच लिहिलंय. तेवढ्यात जहाज सात-आठ किलोमीटर पुढे गेलं असेल."

पिंपळखुट्यांनी चष्मा काढला. आवाज चढला नव्हता, पण त्यातली नरमाई गेली होती. "ते पाणी वर्षातून वीस दिवस उघडतं. वीस दिवस. आपण काम थांबवा म्हणून सांगितलं आणि ते चूक निघालं, तर अख्खं वर्ष गेलं. आणि मी काय सांगू त्यांना? आमच्या ट्रेसरने पट्टी लावून मोजलं?"

कौसल्याने पट्टी कागदावरून उचलली नाही.

"जहाजाला स्वतःचं खोली मोजायचं यंत्र आहे," ते म्हणाले.

"गेल्या वर्षी पण होतं ना?"

गेल्या वर्षी बर्फाचे तुकडे जहाजाच्या पोटाखाली घासत होते आणि ते यंत्र दोन दिवस नुसती खरखर दाखवत होतं, ही गोष्ट त्यांनीच सगळ्यांना चहाच्या वेळी सांगितली होती.

"मशीन चारशेवरच होतं," ते शेवटी म्हणाले. "नोंद माझ्या हातची आहे."

"नोंद कधी केली, साहेब? मशीन सुरू करताना, की नंतर?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. असा प्रश्न त्यांना या कार्यालयात कुणी विचारला नव्हता.

"मी डेकवर होतो. बर्फ केबलवर चढून आला होता, आम्ही ती वर ओढत होतो. आत आलो तेव्हा कागद चालू होता."

"मग चालू कुणी केला?"

"वीज गेली होती. ती परत आली तेव्हा आपोआप चालू झाला असेल." त्यांनी जरा थांबून पुढे म्हटलं, "आत कवडू होता."

*

कवडू भोयर मागच्या शेडमधल्या वर्कशॉपमध्ये बसत असे. भिवापूरचा माणूस, कॉम्प्रेसर मेकॅनिक. हवेच्या तोफेला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर चालवायला त्याला गेल्या वर्षी जहाजावर नेलं होतं. परत आला तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नव्हती. केबल ओढताना हातमोजा लोखंडाला चिकटला होता.

"कवडूभाऊ, ज्या दिवशी तुमची बोटं गेली, त्या दिवशी आत मशीनपाशी तुमीच होते ना?"

त्याने पाना खाली ठेवला. "काहून विचारून राहिल्या, बाई?"

"लाइट गेली होती म्हणतात साहेब. मंग मशीन कोणं चालू केलं?"

"मले काय मालूम. मी तर हात धरून बसलो होतो."

"कवडूभाऊ, उद्या सकाळी सहा वाजता जहाज तिथूनच पुढं जाऊन राहिलं. तिथं पाणी नाही आहे. मले वाटते नाही आहे. तुमी सांगसान तेव्हाच समजन."

कवडू उठला, शेडच्या दारापर्यंत गेला, बाहेर कुणी आहे का ते पाहून परत आला. बोलायला लागला तेव्हा तो तिच्याकडे पाहत नव्हता.

"साहेबानं सक्त ताकीद देल्ली होती. मेकॅनिकनं मशीनले हात लावाचा नाही. पण लाइट आली आन् मशीन बंदच. कागद थांबला. बाहेर सारे बोंबलून राहिले, केबल तुटते का काय. म्या म्हटलं, तोफ तर चालूच आहे, हवा फुकट जाऊन राहिली, कागदावर काहीच नाही येऊन राहिलं. म्हणून या डाव्या हातानं बटन दाबलं. मोठं लाल बटन. कागद चालू झाला."

"आणि उशिराचं बटन?"

"ते बाजूले असते. लाइट गेली का ते शून्यावर येते, आन् मंग पुन्हा दाबा लागते. हे मले मंग समजलं, दोन-तीन दिवसानं, साहेब दुसऱ्याले शिकवून राहिले होते तवा."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? हात लावला म्हणून सांगू?" त्याने तुटक्या बोटांचा हात खिशात घातला. "दोन पोरी आहे मले. अन् म्या म्हटलं, कागद चालू आहे, रेघ येऊन राहिली, साहेब खुश आहे. थोडंसं इकडं तिकडं झालं असन."

कौसल्याला त्याचा राग आला नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं. त्या क्षणी तिच्या डोक्यात फक्त घड्याळ होतं.

"चाला, कवडूभाऊ. हेच साहेबाले सांगा."

"नोकरी जाईन माही."

"जाऊ शकते," ती म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं, पण सुचलं नाही. "जहाजावर किती माणसं आहे?"

कवडूने मनातल्या मनात मोजलं असावं. मग त्याने शर्टाच्या बाह्या खाली केल्या, गुंड्या लावल्या आणि तिच्यामागोमाग निघाला.

*

कवडूचं बोलणं ऐकताना पिंपळखुटे कागदाकडेच पाहत होते. त्यांचं बोट कागदाच्या अगदी वरच्या भागावर होतं. तिथे एक बारीक, सरळ, आडवी रेघ होती. चढ नाही, उतार नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट.

"हिला मी बर्फाची खरखर समजलो होतो," ते हळूच म्हणाले. "ही तोफेची रेघ आहे. तोफेचा आवाज खाली न जाता सरळ केबलपर्यंत येतो तो. अगदी पहिल्या क्षणाला येतो." त्यांनी तेरावा कागद ओढून पाहिला. त्यावर अशी रेघ नव्हती. "मशीन चारशे थांबलं असतं तर ही उमटलीच नसती."

त्यांचा चेहरा उतरला. कवडू भिंतीला टेकून उभा होता.

"किती वाजले?"

"अडीच," कौसल्या म्हणाली.

दिल्लीचा निरोप जहाज रेडिओवर दिवसातून एकदाच घ्यायचं, संध्याकाळी पाचला. ती वेळ गेली की पुढची दुसऱ्या दिवशी पाचला, म्हणजे काम सुरू झाल्यावर अकरा तासांनी. पाचच्या आत निरोप दिल्लीत पोचायला हवा होता.

आणि नकाशातली दुरुस्ती संचालकांच्या सहीशिवाय बाहेर पाठवता येत नव्हती. संचालक उमरेडच्या खाणीवर गेले होते. पिंपळखुट्यांनी खाणीच्या ऑफिसला फोन लावला. वीस मिनिटं लाइन लागली नाही. लागली तेव्हा कुणीतरी सांगितलं, साहेब खाली उतरले आहेत, सहापर्यंत येतील.

त्यांनी फोन ठेवला. खुर्चीत मागे टेकले. कौसल्याला वाटलं, आता हे म्हणतील, सोमवारी बघू. त्यांच्या तोंडावर ते शब्द आलेलेही तिला दिसले. ते चूक कबूल करणार, तर कुणाची? नोंद त्यांची, सही त्यांची, आणि त्याच नोंदीवर गेल्या वर्षी दिल्लीत त्यांचा सत्कार झालेला.

मग त्यांनी टाइपरायटर ओढला आणि उभ्या उभ्याच दोन बोटांनी मजकूर टाइप केला. *चौदाव्या रेषेची सर्व खोली तीनशे मीटरने चूक. टोकाशी खोली फक्त सव्वीस मीटर, पूर्वेकडे तळ चढता. जहाज पुढे नेऊ नये. चूक माझ्या नोंदीची.* खाली 'संचालकांकरिता' असं लिहून सही केली.

"कवडू, दिल्लीचा लाइटनिंग कॉल बुक कर. मी तार ऑफिसला जातो. कॉल नाही लागला तर तार तरी जाईल." त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली. "कौसल्याबाई, फोनपाशी बसा. मी अर्ध्या तासात येतो."

इतर सगळ्या कॉलच्या आधी जोडल्या जाणाऱ्या लाइटनिंग कॉलला आठपट पैसे पडत. असा कॉल त्या कार्यालयातून आजवर कुणी केला नव्हता. एक्सचेंजवाल्याने कवडूला दोनदा विचारून घेतलं.

*

साडेतीन झाले. पावणेचार. पिंपळखुटे आले नव्हते. कौसल्या फोनसमोर बसली होती आणि तारेची प्रत तिच्या हातात होती. तिने इतक्या वेळा वाचली की शब्द नुसती अक्षरं दिसायला लागली. मनात एक नको ते सारखं येत होतं. पट्टी चुकली असेल तर? भिंगात चोवीसचे बावीस दिसले असतील तर? तिने कागद पुन्हा ओढला, पुन्हा मोजलं. चोवीस.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. कवडूने उचलला, "दिल्ली," म्हणाला आणि तिच्याकडे दिला.

दूरवरून, पाण्याखालून यावा तसा आवाज आला. "हां जी, कौन बोल रहे हैं?"

तिने कार्यालयाचं नाव सांगितलं. जहाजासाठी तातडीचा निरोप आहे, असं सांगितलं.

"आप कौन?"

"कौसल्या गजभिये. ट्रेसर."

"मैडम, किसी ऑफिसर को दीजिए."

"साहब तार ऑफिस गए हैं. उन्होंने दस्तखत किया है, कागज मेरे हाथ में है. आप लिख लीजिए."

"ऐसे नहीं होता. अधिकारी से बात कराइए, या लिखित में भेजिए. प्रोग्राम मंजूर हो चुका है."

"लिखित आ रहा है. पाँच के बाद पहुँचेगा तो फायदा नहीं." तिने कोपर टेबलावर दाबून धरलं. "आप सिर्फ लिख लीजिए. भेजना है के नहीं, वो आप बाद में सोचिए. लिखने में क्या है?"

मग कागदाची सळसळ. "बोलिए."

तिने सावकाश वाचलं. आकडे दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना लाइनमध्ये खरखर आली म्हणून तिसऱ्यांदा सांगितले. "तीन सौ छब्बीस नहीं. छब्बीस. दो और छह."

"छब्बीस मीटर?" त्या माणसाचा आवाज बदलला होता. "जहाज का पेंदा ही साढ़े सात मीटर नीचे है."

"और आगे तल चढ़ रहा है."

"आपको पक्का है?"

कवडू समोर उभा होता. कौसल्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हां," ती म्हणाली.

"आपका नाम फिर से बोलिए." तिने सांगितलं. लाइन तुटली. त्याने पाठवतो म्हटलं नाही, पाठवत नाही असंही म्हटलं नाही.

पिंपळखुटे पावणेपाचला आले. तार ऑफिसात लग्नाच्या तारांची रांग होती आणि काउंटरवरचा माणूस कुणाचंच ऐकत नव्हता. कौसल्याने जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा कॉल बुक करायचा प्रयत्न केला. पाच वाजले तेव्हा एक्सचेंज म्हणत होतं, दिल्लीच्या सगळ्या लाइन भरलेल्या आहेत. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी कॉल रद्द केला.

मग कवडू शेडला कुलूप लावायला गेला.

*

इंदोऱ्याला घरी आईने, पार्वतीबाईंनी, भाकर वाढली. कौसल्याने चतकोर खाल्ली.

"तब्येत बरी नाही का वं?"

"बरी आहे."

"मंग जेवत काहून नाही?"

तिने सांगायचा प्रयत्न केला. बर्फाचा समुद्र, जहाज, खोटी रेघ. आईने शेवटपर्यंत ऐकलं. "तू बरोबर मोजलं ना?" तिने विचारलं.

"मोजलं."

"मंग आता त्या लोकायचं काम आहे," आई म्हणाली आणि ताट उचलून घेऊन गेली. कौसल्याला हे पटलं नाही. ऑगस्टात तिने तो कागद चार दिवसांत पुरा केला होता, आणि कोपऱ्यात स्वतःच्या सहीची दोन अक्षरं घातली होती. त्याच कागदाच्या भरवशावर जहाज तिथे गेलं होतं.

शनिवारी सहा वाजता ती जागीच होती. सहाला काम सुरू. तिने चूल पेटवली, पाणी ठेवलं, आणि किती वेळ ते उकळतच राहू दिलं. नऊ वाजताच ती कार्यालयात पोचली. पिंपळखुटे तिच्या आधी आलेले होते. त्यांनी दाढी केली नव्हती. कवडू पायरीवर बसला होता.

दहा वाजले, अकरा वाजले. सव्वाअकराला दिल्लीचा फोन आला आणि पिंपळखुट्यांनी उचलला. ते फक्त "हो", "हां जी", "किती?" एवढंच म्हणत होते. डाव्या हाताने त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग फोन ठेवला आणि तो कागद कौसल्यापुढे सरकवला.

त्यावर एकच आकडा होता. नऊ.

"काल पाचला निरोप गेला," ते म्हणाले. "कप्तानाने रात्री जहाज जागेवरच उभं ठेवलं. सकाळी लहान बोट पुढे पाठवली, दोरीला शिसं बांधून खोली मोजायला. टोकापासून दीड किलोमीटरवर नऊ मीटर. तिथून पुढे त्यांनी मोजलंच नाही. बोट परत बोलावली. हे कळवायला पाचची वाट न पाहता त्यांनी स्वतःहून दिल्लीला रेडिओवर गाठलं."

कवडू फोन वाजल्यावर आत येऊन स्टुलावर बसला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी घालत राहिला. कौसल्याला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. तिला एकदम भूक लागली.

तार दिल्लीत शनिवारी दुपारी पोचली, असं नंतर कळलं.

*

फेब्रुवारीत दिल्लीहून दोन अधिकारी चौकशीला आले. त्यांनी कौसल्याला विचारलं, ऑगस्टमध्ये तुम्हाला हे का दिसलं नाही? तिने सांगितलं, भुतं काढायची नाहीत असा हुकूम होता म्हणून ती पाहत नव्हती. थोड्या वेळाने दुसऱ्याने तेच विचारलं. जेवणानंतर पहिल्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "साहेब, नाही दिसलं. दिसायला पाहिजे होतं." त्यांनी ते लिहून घेतलं.

कवडूला बोलावलं तेव्हा पिंपळखुटे आधीच उभे राहिले. मशीन त्यांच्या ताब्यात होतं, ते म्हणाले. वीज गेल्यावर उशिराचं बटन तपासणं त्यांचं काम होतं. कागद चालू दिसला म्हणून त्यांनी न पाहता आधीचाच आकडा लिहिला. मेकॅनिकने बटन दाबलं नसतं तर तो तुकडा कोराच राहिला असता, आणि तळ वर येतोय हे आज कुणालाच कळलं नसतं. हे शेवटचं बोलताना त्यांनी कवडूकडे पाहिलं. त्यात समजूत होती, पण पुरती माफी नव्हती.

कवडूला लेखी ताकीद मिळाली; नोकरी राहिली. पिंपळखुट्यांचं नाव पुढच्या दोन मोहिमांच्या यादीतून कापलं गेलं. यादीतल्या त्या हुकलेल्या जागेचं त्यांनी पुढे कधी नाव काढलं नाही, पण कौसल्याशी बोलताना ते आता कागद स्वतःच्या टेबलावर मागवत नसत, तिच्या टेबलापाशी उभे राहून बोलत.

एकतीसही कागद पुन्हा तपासायचं काम तिच्याकडे आलं. या वेळी तिने एकही रेघ सोडली नाही. खऱ्या रेघा सलग, खोट्या तुटक. अकरा दिवस लागले. दुसरी चूक निघाली नाही. बाराव्या दिवशी तिने एक दिवसाची रजा टाकली, दुपारी अंगणात उन्हात चटई टाकून झोपली, आणि आईने दोनदा हाक मारली तरी उठली नाही.